दोन गुणांचा प्रश्न

प्रश्न चौथा, ‘आ’:
‘धबधबा’ हा शब्द कसा बनला, ते लिहा. गुण दोन.
उत्तरसूचीत छापलंय:
अनुकरणवाचक, अभ्यस्त. संस्कृतात प्रपात.
बस्स, एवढंच.

राधानगरीच्या शाळेत, पंख्याखाली
एकेचाळीस पेपर.
बहुतेकांनी सूचीसारखंच लिहिलंय.
एकीने राऊतवाडीचा धबधबाच काढलाय,
खाली कणसं भाजणाऱ्या बाईसकट.

अवधूत मगदूमचं अक्षर गिचमिड.
‘बाई, धब म्हंजे एकदा पडणं.
बा हिरड्यावरनं पडला तवा
मी खाली पोतं धरून हुतो.
धब.
मग कायच न्हाई.
पाणी पडतं आन् परत पडतं,
परत पडाय वर पाणी शिल्लक असतंय,
म्हणून त्याला दोनदा म्हणायचं.
शेवटचा काना जरा लांबवायचा.’

प्रपात नाही. अभ्यस्त नाही.
शुद्धलेखनाच्या चुका मी मोजल्या नाहीत.
लाल पेनाला टोपण घातलं.

शाळा सुटल्यावर स्कूटी राऊतवाडीकडे वळली.
एप्रिल. कडा कोरडा ठाक,
काळ्या दगडावर पांढरट ओघळ,
कणीसवाल्या बाईची चूल पालथी,
एक माकड चपलेशी खेळत बसलेलं.
पाटीवर मात्र अजून तेच,
धबधबा, आणि डावीकडे बाण.

आजूबाजूला कोणी नाही असं बघून
मी तो शब्द मोठ्याने म्हटला,
एकदाच,
काना लांबवून.

कड्यावरून
शेवटचं अक्षर तेवढं परत आलं.
बा.