जाळ्याचं माप

पहिल्या बैठकीला त्यांनी टेबलावर केळी मांडली होती
आणि संत्र्याचा रस.
आम्ही पाचजण, पाचांचीही मूत्रपिंडं गेलेली.
एकमेकांकडे पाहिलं
आणि डेस्मंड ऑकिल हसत सुटला, खोकला लागेपर्यंत.
डॉक्टर प्रिचर्डला कळेना काय झालं.
तरुण आहे. कान लाल होतात त्याचे.
"बाळा," मी म्हटलं, "यातली दोन खाल्ली
तर शुक्रवार निघेल,
शनिवारचं सांगता येत नाही."

मी एनिड स्टॅम्पर. ग्रिम्स्बीची.
चौदाव्या वर्षापासून जाळी विणली,
परसातल्या भिंतीला खुंटी ठोकून,
हिवाळ्यात सुतळीनं बोटं चिरत.
आता आठवड्यातून तीनदा
माझं रक्त माझ्याबाहेर फिरायला जातं
आणि मी छताचे चौकोन मोजते. एकशे बारा.

प्रश्नावली दिली. सव्वीस पानं.
रुग्णांच्या नजरेतून बघा म्हणाले.
पोटॅशियम, फॉस्फेट, रक्तदाब,
'मागील चार आठवड्यांत आपणास
मध्यम स्वरूपाचा थकवा जाणवला काय?'
मध्यम म्हणजे?
वर कशाला आले ते विसरणं मध्यम,
की तिसऱ्याच पायरीवर बसून
बंद दारातून पोस्टमनशी बोलणं?

मग मी त्यांना जाळ्याचं सांगितलं.
जाळ्यात दोरा थोडा, भोकंच जास्त.
भोकाचं माप आधी ठरतं, लाकडी पट्टीवर,
ट्रॉलर धक्क्याला असतानाच.
त्याहून बारीक ते सगळं निसटतं
आणि कप्तान परत येऊन शपथेवर सांगतो,
तिकडे समुद्रात ते नव्हतंच.

कॅलम, आकडेवाला, त्यानं पेन खाली ठेवलं.
"मग काय विचारू?"

इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.
घसा कोरडा पडला, आणि पाणी तर मला मोजून.

विचार, म्हटलं,
मशीनवरून सुटल्यावर
तुम्ही पुन्हा तुम्ही व्हायला किती वेळ लागतो?
"हे मोजायचं कशानं?"
"घड्याळानं, पोरा," डेस्मंड म्हणाला.
त्याला सहा तास लागत. मला दुसरी सकाळ.
तोवर गप्प बसलेल्या मिसेस ओयेलेरे
कोटाची बटणं लावत म्हणाल्या,
मी अजून परत आलेली नाही.
मार्चपासून. कुठल्या सालचा मार्च, ते विचारू नका.

थोडा वेळ कुणी काही लिहून घेतलं नाही.

बसभाडं मिळालं, तीन सह्या करून.
वीस पौंडांचं व्हाउचर मिळालं,
ज्या दुकानाचं, ते आमच्या रस्त्यावरून कधीच उठलंय.

दोन वर्षं. डेस्मंड नोव्हेंबरात गेला.
मग जाड पाकिटातून अहवाल आला.
औषधाचा उपयोग झाला नाही, पहिल्याच पानावर,
सरळ शब्दांत. 'सरळ लिहा' हा आमचाच हट्ट,
तरी लागलंच.
शेवटी परिशिष्ट. प्रश्न सतरावा.
ओळीला एक माणूस, माणसापुढे तास.
दोन. सहा. अकरा.
काहींनी आकडा दिलेला नाही,
नुसती आडवी रेघ.
त्या रेघांवरून मी बोट फिरवलं, सवयीनं,
गाठ सुटलीय का बघतात तसं.

आभारांत डेस्मंडचं आडनाव चुकलेलं.
पेनानं सुधारलं. माझ्या प्रतीत तरी.

काल फोन आला. नवा अभ्यास,
यावेळी कागद कोरा असतानाच बोलावतोय, म्हणाला प्रिचर्ड.
याल ना, मिसेस स्टॅम्पर?
आणि मग, जरा थांबून:
सफरचंदं ठेवतो.