वजनाचा रकाना

पोषण रजिस्टराची मागची पानं
तपासायला कुणी येत नाही.
तिथं लिहिते, पोरांची वजनं झाल्यावर:

रोशनची गाडी, मूलचा रस्ता, रात्र.
काखेतली गाठ, लाखोरीच्या दाण्याएवढी.
मोहफुलं वेचताना मागं वाजलेला पाला.
(माकड होतं. तरी लिहिलं.)

मग प्रत्येकापुढे, सवयीनं,
किलो, ग्रॅम.

गाठ अकरा किलो भरली पहिल्यांदा.
ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चरबीची आहे.
तरी तीनशे ग्रॅम उरलीच.
रोशनची गाडी तर उतरतच नाही.

काल मदतनीस वनमाला म्हणाली,
"ताई, मलेबी एक पान द्या ना."
खिचडी उतरवून बसली,
पेन धरून, गप्प.

लिहिलं नाही काही.
वजनाच्या रकान्यात एक टिंब दिलं,
इतकं दाबून
की पलीकडं पोलिओच्या तारखांत उमटलं.