विषय : पदक न मिळाल्याबाबत

पडेल तिठ्यावर माझं टायपिंगचं दुकान.
झेरॉक्स, सातबारा, लग्नाचे बायोडाटा,
आंब्याच्या दिवसांत पेट्यांची लेबलं.
दर महिन्याच्या चार तारखेला, पेन्शन काढून,
जानू मेस्त्री येत. बारमाही छत्री.
"लिव गो," म्हणत, "मागचाच."

मागचाच म्हणजे
प्रति, अभिलेख कार्यालय, बेळगाव.
महोदय, एकाहत्तरच्या लढाईचं माझं संग्राम पदक
मला आजतागायत मिळालेलं नाही.
सात वर्षं मी फक्त तारीख बदलत होते.

खरं तर टपालानं आलं होतं एक, चौऱ्याहत्तर साली.
ते त्यांनी मला सहाव्या वर्षी दाखवलं,
तंबाखूच्या डबीतून, चुन्याचा डाग पडलेलं.
कडेवर खोदलेलं : शिपाई जे. जी. मेस्त्री.
"तुमचंच की."
त्यांनी नख ठेवलं शेवटच्या दोन आकड्यांवर.
सव्वीस.
"मी बासष्ट."

एका कंपनीत दोन जानू मेस्त्री,
एक गोपाळाचा, एक गोविंदाचा,
एक खाडीच्या अलीकडचा, एक पलीकडचा.
हजेरीला नाव कुणी घेतच नसे.
बासष्ट! हाजिर.
सव्वीस! हाजिर.
मग एका सकाळी, धुक्यात, कापलेल्या भाताच्या मळ्यात,
आपल्याकडे असतो तसल्याच,
सव्वीसला दोनदा हाक मारली
आणि हवालदारानं वही मिटली.
एवढंच सांगितलं. मग चहा मागवला.

यंदा शिमग्याला बेळगावचं उत्तर आलं.
आपले पदक नजरचुकीने
वीरपत्नी श्रीमती सत्यभामा मेस्त्री, मु. नाटे,
यांजकडे गेले असल्याचे दिसते.
मी वाचून दाखवलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.
तेव्हा मला कळलं, पत्ता त्यांना ठाऊक होता.
होडीनं वीस मिनिटं.
आणि ते बेळगावला विचारत होते.

"चल गो, तू वांगडा ये."
होडीत ते मधोमध बसले,
डबी खिशात, हात खिशावर.

सत्यभामाबाई अंगणात सोलं वाळत घालत होत्या,
कोपरापर्यंत लाल.
"तेंच्या वांगडचे? इतकी वर्सां खंय होतास?"
"हंयच," मेस्त्री म्हणाले.

देव्हाऱ्यात, नारळामागे, पदक.
हळदकुंकवाची खपली, रिबिनीचे चार दोरे.
"दसऱ्याक फूल घालतंय. माका वाचूक येना नाय.
बगा, काय लिवलेला असा?"

मेस्त्रींनी अंगठ्यानं कड पुसली.
मी शेजारीच. मला दिसत होतं :
सहा, दोन.
त्यांनी चष्मा काढलाच नाही खिशातून.
ताठ झाले, आणि हजेरीच्या आवाजात
सगळा नंबर म्हटला, न अडखळता,
शेवटी सव्वीस.

आत कुकरची शिट्टी झाली.

"तोच," त्या म्हणाल्या.
"पत्र लिवून घेताना सांगूचो लागायचो. पाठ असा माका."
आणि त्यांनीही म्हटला, आकडा आकडा,
लहान मुलीनं पाढा म्हणावा तसा.
मेस्त्री मान हलवत होते
आणि पदक दोन्ही हातांनी परत नारळामागे ठेवत होते.
आम्हाला वाटीभर सोलकढी मिळाली. फार तिखट होती.

परतताना डबी खिशातच होती.
मी विचारलं नाही. पाण्याला भरती लागली होती.

चार तारखेला आले.
"लिव गो."
विषय : पदक मिळाल्याबाबत.
"कुणाला मिळालं, लिहू?"
"मेस्त्रीक. जे. जी. मेस्त्रीक."
क्रमांकाची जागा कोरी ठेवून मी कागद पुढे केला.
पेन हातात धरून ते रस्त्याकडे बघत राहिले.
देवगडची गाडी लागली, भरली, गेली.
"ह्यां तसाच रवांदे," म्हणाले.
दहाची नोट काचेखाली सरकवली,
छत्री विसरले, परत आले,
छत्री घेतली.