पाव गोळी

दांडिया बाजारातला केमिस्ट विचारतो,
पेशंटचं नाव?
ठकी.
वय?
चौदा.
‘अरेरे, बेबीने थायरॉइड छे?’
मी दुरुस्त करत नाही.

घरी सुरीनं गोळीचे चार तुकडे.
एकाचा नेहमी भुगा होतो.
बशी चाटूनपुसून ती पुन्हा ओट्याशी,
तरी पाठीचे मणके बोटांना लागतात.
रात्री तीनला घरभर ओरडत फिरते,
काही करायचं राहून गेल्यासारखी.

माझी गोळी उलट्या रोगाची.
मी रेंगाळते, ती सुसाट.
डबा एकच,
तिच्या स्ट्रिपला लाल रबर.

आज पिशवीत घालून काट्याला लटकवली.
तीन किलो शंभर.
मागच्या रविवारी तीनच होती.

मग मांडीवर घेऊन
छातीवर बोट ठेवलं.
महिनाभर नुसती थरथर लागायची हाताला.
आज ठोके
मोजता आले.