दोघांत एक दार

ओविदिओ एचेवेर्री गाडी ढकलत घेऊन आला.
म्हणजे ढकलत होते त्याचे दोन भाचे,
तो मागून चालत होता, दर दहा पावलांना थांबत.
बाहत्तरची शेव्ही, पिकल्या गव्हाच्या रंगाची.

"नेलिदा," म्हणाला, "दम दे."
मी विचारलं, कुणाला?
तो हसला, हसता हसता खोकला आला
आणि हसू संपल्यावरही खोकला थांबेना.
धान्याच्या कोठारावर एकतीस वर्षं.
धूळ आत जाते, बाहेरची वाट तिला सापडत नाही.

बिडाचं इंजिन. सहा सिलिंडर एका रांगेत,
आणि हवेला आत यायला दारं फक्त तीन.
दोघांत एक.
कारखान्यानं पैसे वाचवले असणार.
त्यातही प्रत्येक दाराच्या मधोमध
हेड आवळणाऱ्या बोल्टचा खांब,
मांडव घालताना उंबऱ्यातच खांब रोवावा तसा.

एक-पाच-तीन-सहा-दोन-चार.
पेटण्याचा हा क्रम मी पाढ्यांआधी शिकले.
मधले दोघं समान अंतरानं श्वास घेतात, भांडत नाहीत.
टोकाच्या जोड्यांत एक जण आधी ओढतो,
दुसऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.
माझ्या भावाचं आणि माझं असंच होतं. असो.

वडील म्हणायचे, खोद.
भोक मोठं कर, हवा आपोआप येईल.
एका शर्यतीच्या आदल्या रात्री ते इतके खोदत गेले
की कानस थेट पाण्याच्या पोकळीत निघाली.
ते हेड अजून भिंतीला टेकून आहे.
भोकात मी पेन्सिली ठेवते.

हवा मोजायला माझ्याकडे आहे
आईचा जुना व्हॅक्यूम क्लीनर,
काचेची वाकडी नळी, नळीत पाणी,
आणि नीट दिसावं म्हणून पाण्यात थोडी लाल वाईन.
किती ओढलं गेलं ते वाईन चढून सांगते.

खांब कापला. बोल्ट खाली खोलवर बसवला.
वाईन बोटभर चढली.
मग दाराच्या तळाशी लोखंडाची एक गाठ घट्ट बसवली,
कासवाच्या पाठीएवढ्या उताराची.
बाकावरून ओविदिओ म्हणाला,
"वाट मोकळी करायची ना? मग ही आडकाठी कशाला?"
मी म्हटलं, हवेला नुसतं मोठं दार नको असतं,
वळणावर कोपराला धरून वळवणारं कुणी लागतं.
वाईन आणखी दोन बोटं चढली.
तो बघायला उठला. चार पावलं.
पाचव्याला टेबल धरलं.

बाकीचं नेहमीचं:
हेडचा तळ दीड मिलिमीटर घासला,
जरा तापट स्वभावाचा कॅमशाफ्ट, दोन नळ्यांचा कार्बुरेटर,
धूर जायला तीन-तीन बोटांचे दोन पंजे.
बिलावर त्यानं घासाघीस केली.
मी बधले नाही. बीड कापून माझ्याही नाकात काळं जातं.

शनिवारी पहाटे चालू केली.
आधी शिवणयंत्रासारखी चालायची,
आता उभ्या जागी लंगडत होती,
ओठांवर आलेला शब्द पुन्हा पुन्हा मागे जावा तशी.
"बिघडवली," धाकटा भाचा म्हणाला.
"गप्प," ओविदिओ म्हणाला. "ऐक."

त्रेस आरोयोसच्या बाहेर तीन नंबरचा रस्ता,
इतका सरळ की स्टिअरिंग म्हणजे उगाच.
दोन्ही बाजूंना कापणी चाललेली.
मी शेजारी, मांडीवर पाना-पक्कड.
तिसऱ्या गिअरमध्ये, साडेतीन हजारांच्या आसपास,
लंगडणं गेलं
आणि सहाही जण एकच वाक्य बोलू लागले.

त्यानं काच पूर्ण खाली केली.
मी ओरडले, धूळ येतेय, वर घे!
त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकू गेलं नाही.
तोंड उघडं ठेवून चालवत राहिला,
मिशीत गव्हाचा भुसा.

परतताना पाचव्याची ठिणगी मधेच चुकत होती.
मी मनात टिपलं: सोमवार, प्लग.
त्याला सांगितलं नाही.
शनिवार होता.