खोक्यावरचं वय

पुंता अरेनासमध्ये, सामुद्रधुनीच्या काठी,
वाऱ्यात माणसांना धरता यावं म्हणून
चौकात दोर बांधतात.
पतंग मी विकत नाही.
पहिल्याच झटक्यात तो अर्जेंटिनात जातो.

दुकान वडिलांचं, आता माझं.
फळ्या वयाप्रमाणे लावलेल्या.
खाली खुळखुळे, मग ठोकळे, मग बाहुल्या,
प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यात आकडा:
तीन, सहा, नऊ, बारा.
बाराच्या वर फळी नाही.
तिथून छत सुरू होतं, आणि ओल.

तरी ती पोरं येतातच.
ओठावर नुकती लव, मनगटं बाह्यांबाहेर आलेली,
दाराशीच उभी राहून म्हणतात,
'धाकट्या भावासाठी हवंय.'
गावात कुणाला किती धाकटे भाऊ आहेत
मला पक्कं ठाऊक आहे.
मी विचारत नाही. भोवरा कागदात गुंडाळते,
दोरी जरा लांब कापून देते.

डिसेंबरात एलिसेओ बारिएन्तोस आला,
खेकड्यांचा हंगाम आटपून.
अंगाला डिझेलचा वास, बोटांना मिठाच्या भेगा.
हात काउंटरच्या वर आडवा धरून म्हणाला,
'एवढी आहे. नोएलिया.'
मग हात थोडा वर नेला.
मग आणखी थोडा.
मग खिशातच घातला.
'चौदाची होईल. चौदाला काय देतात, दोन्या दानित्सा?'

कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं:
बुद्धीला चालना, गोल केलेल्या कडा, बिनविषारी रंग.
चौदाव्या वर्षाला कडा गोल नसतात, हे कुणी छापत नाही.
मी म्हटलं, बाहुली नको.
ती तुला बरं वाटावं म्हणून हसेल आणि पलंगाखाली ठेवेल.
अत्तर-बित्तरही नको, घाबरेल.
असं काही दे, जे एकटीला जमेल
पण दोघं बसलात तर लवकर जमेल.

बुद्धिबळ उचललं, खाली ठेवलं.
'जिंकलो तर वाईट. हरलो तर तिला कळेल
मुद्दाम हरलो ते.'
रसायनांची पेटी नुसती बघितली. 'घर लाकडी आहे.'
शेवटी हजार तुकड्यांचं चित्रकोडं काढलं,
खाली चिमूटभर डोंगर, बाकी सगळं आभाळ.
मी बजावलं, आभाळ फार सतावतं,
निळ्याला निळा लागतो आणि लागतही नाही.
'जूनअखेरपर्यंत मी घरीच आहे,' म्हणाला,
आणि सुटे पैसे मोजायला खूप वेळ लावला.

जुलैत बोटी गेल्या.

ऑगस्टात ती आली. बुटांवरचा बर्फ आपटून,
आईचा कोट घालून, माझ्याहून वीतभर उंच.
फळ्यांकडे तिने इतकं ठरवून बघितलं नाही
की माझ्या लक्षात यावं.
'कोड्यात एक तुकडा कमी आहे.'
मी वही उघडली. कंपनीला कळवते,
दोनेक महिन्यांत पाठवतील.
'नको,' ती घाईनं म्हणाली.
'कुठे आहे ते माहीत आहे.
निघायच्या रात्री बाबा टेबलापाशी
दिवा न लावता उभे होते.'

मग काउंटरच्या लाकडातली रेघ
नखानं गिरवत राहिली.
'एका मैत्रिणीला विचारायचंय.
पुठ्ठा समुद्राच्या पाण्यात भिजला
तर फुगतो का?'

फुगतो, मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.
पण चुलीपाशी वाळवून
रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवला तर बसतो.
जरा दाबावा लागतो.

'सांगते तिला,' म्हणाली.
तिनं दार उघडलं तसा वारा आत घुसला,
खालच्या फळीवरचे सगळे खुळखुळे एकदम वाजले.
ती वळून बघायला थांबली,
मग बाहेरचा दोर धरून
बंदराच्या बाजूला गेली. घर तर वरच्या अंगाला आहे.