नंबर लागू नये

मस्कतला, रुवीत, मसाल्याच्या दुकानावरच्या खोलीत
गुरुवारी रात्री दहाला बसतो
आमचा छोट्या दुकानदारांचा संघ.
खाली जिरं भाजतात. वर आम्ही
माणसं मोजतो.

विमा कंपनीचा माणूस सांगून गेलाय :
चार मशिनांच्या शिलाईवाल्या बाईला तो दारात उभी करत नाही,
चावीवाल्याला नाही, कुंजुमोनच्या चहालाही नाही.
पन्नास डोकी आणा, मग बोलू.
गाव करी ते राव न करी, म्हणत आले मी जन्मभर.
आता गाव समुद्रापलीकडे,
तर वहीत वसवायचं.

रेघा मी मारल्या :
नाव, दुकान, जन्मतारीख, आधीपासूनचे आजार.

कुंजुमोन, एक जानेवारी.
मोफिज, लाँड्री, एक जानेवारी.
चावीवाला हसन मुकादम, त्याचा मदतनीस, मदतनिसाचा मेव्हणा,
सगळे एक जानेवारीचे.
पार्लरवाली रेश्मा तांडेल म्हणाली,
एका रात्रीत एवढी बाळंतपणं? सुईण दमली असेल हो.
खोलीभर हसू.
मग कुणीच हसेना.

चौथ्या रकान्यात सगळे ठणठणीत.
मोफिज, जो इस्त्री बाजूला ठेवून भिंतीकडे तोंड करून खोकतो,
तोही ठणठणीत.
मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, ही भिशीच आहे रे,
फरक एवढाच की इथे पैसे भरायचे
आणि देवाला सांगायचं, माझा नंबर लागू नये.
भिशीत कुणी खोटं बोलतं का?
मोफिज बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला,
मग बोलला. मी लिहिलं.

मग माझ्याच दुकानाची पाळी.
शफी परकार, कटिंग मास्तर, श्रीवर्धन.
पासपोर्टात बासष्ट. आईच्या हिशोबात साठ,
घरामागचा फणस पहिल्यांदा धरला त्या सालचा.
मधली दोन वर्षं एजंटानं वाढवली होती, व्हिसासाठी.
ती आता हप्त्यात भरायची.
साखर आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
तरी कापड सुतात कापतो, बोटांनी बघून.

त्याच्या एका ओळीनं हप्ता चढला
माणशी एक रियाल आठशे बैसा, दर महिना.

मास्तरांना वगळा ना, निनाद बोलला, मोबाइलवाला,
तेवीस वर्षांचा, मान वर न करता.
वाईट मुलगा नाही. बहिणीची फी हाच पाठवतो.
आणि मी गप्प राहिले. हेही लिहून ठेवायला हवं.
तीन कारागीर आणि मी, चौघांचे सात रियाल दोनशे
मनातल्या मनात मांडून पाहिले.

शफी दाराशी चपला शोधत होता.
माजा नाव काडा, बाय, म्हणाला,
जसं एखादं माप सांगावं.

मी रेघ मारली. बेरीज केली.
एकोणपन्नास.

परत केली. एकोणपन्नास.
कुंजुमोननं बोटांवर मोजलं, मल्याळममध्ये.
तिथेही तेवढेच भरले.

कुणाला दया आली असं मी म्हणणार नाही.
निनादनंच वही ओढली,
खोडलेल्या नावाखाली ते नाव पुन्हा लिहिलं,
ऱ्हस्वदीर्घ चुकवून.
पुढच्या वर्षी बघू, म्हणाला,
आणि त्याच्या दुकानाचे पैसे सगळ्यांच्या आधी टेबलावर ठेवले,
जरा आपटूनच.

महिन्यानं कार्डं आली.
परकारचं पारकर झालंय.
दुरुस्तीचा अर्ज केलाय, संघाच्या शिक्क्यानं.
तोवर मास्तरांनी सदऱ्याला आतून खिसा शिवलाय,
अबायाच्या उरल्या काळ्या कापडाचा, दुहेरी टीप घालून.
सकाळी शटर वर करताना
चाचपून बघतात, आहे ना,
आणि झटकन हात काढून घेतात,
जास्त वेळ धरलं तर
नंबर लागेल.